मागून उचललेली गाडी

ते वाक्य माझं होतं. आमच्या वाळूचोरीविरोधी समितीचं नव्हे, छापखान्यातल्या माणसाचं नव्हे. माझं.

‘रिकामी असताना जिचा मागचा भाग वर उचललेला दिसेल, ती गाडी वाळूची समजा आणि अडवा.’

पत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात चौकट करून मी ते जाड अक्षरांत टाकलं होतं. मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, वाचणारा रस्त्यात उभा असतो, त्याच्या हातात मासळीची पिशवी असते, त्याला विचार करायला लावू नकोस, काम सांग. मी काम सांगितलं. एक सोडून दोन. समजा आणि अडवा. छापून आलं त्या दिवशी ती चौकट मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा मला स्वतःचं कौतुक वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या विरोधातले लोक याचं कात्रण वाटत फिरतील. आमच्या खाडीतली वाळू चोरीला जाते. काठ खचतात, माड मुळासकट पाण्यात आडवे होतात, आणि तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. याची चीड मला तेव्हाही होती आणि आजही आहे. वाळू वाहणाऱ्या फोर-बाय-फोर पिकअपना मागे जादा पाटे घालतात, हेही खरं आहे. पाटे म्हणजे ॲक्सलवरच्या त्या लोखंडी कमानी, ज्यांच्यावर गाडीचं वजन तोललेलं असतं. जादा पाटे घातले की भरलेली गाडी खाली दबत नाही, सरळ दिसते. रिकामी झाली की मागून वर येते, कोंबडीसारखी. हे मी स्वतः मोजून, बघून शोधलं होतं. वाळूच्या गाड्या मागून उंच असतात इथवर मी बरोबर होतो. मागून उंच ती वाळूची, हे मी घरी बसून जोडलं.

एप्रिलातली गोष्ट. आमच्या गावाच्या तिठ्यावर आम्ही पाच जण सकाळपासून उभे होतो. तिथून एक रस्ता तारकर्ली-देवबागकडे जातो, एक मालवणात, आणि तिसरा वर सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, वर अकरा घरांची एक वाडी. नऊच्या सुमाराला सड्याच्या रस्त्याने एक जुनी पिकअप खाली आली. रिकामी. मागून चांगली वीतभर उचललेली. मागचा हौदा ओला, त्यात ओली पोती, आणि फाळक्याच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. ओली वाळू नेणारी गाडी अशीच ठिबकते. माझ्या चौकटीत न लिहिलेल्या खुणासुद्धा तिच्यावर होत्या.

चालवणारे शेजारच्या वाडीतले, साठी ओलांडलेले एक काका. आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवून आता स्वतःची ही एक गाडी घेऊन बसलेले. मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होतो. तरीही मी त्यांच्याशी मालवणीत बोललो नाही. कचेरीत बोलतो तसं बोललो.

“काका, गाडीत काय होतं?”

“पाणी.”

“पाण्याला टाकी लागते. टाकी कुठे आहे?”

“वर ठेवन इलंय. वाडयेची टाकी फुटली, म्हणान माझी दिलंय तेंका.”

“सगळे असंच सांगतात.”

त्यांनी सड्याकडे हात केला. मग म्हणाले, “वर जावन बघ मगे. ईस मिन्टा लागतली.”

वीस मिनिटं. मी गेलो नाही. माझ्याकडे मोटरसायकल होती, टाकीत पेट्रोल होतं, आणि पुढचे दोन तास मला दुसरं काही काम नव्हतं. मी गाडीच्या मागे उकिडवा बसलो आणि फोटो काढला. उचललेला मागचा भाग, ओला हौदा, आणि खाली नंबरप्लेट, सगळं चौकटीत बसेल असा. तेवढ्यात आमच्यापैकी एकाने मागच्या चाकाची हवा सोडली. मी सोडली नाही. मी त्याला थांबवलंही नाही. पत्रकात ‘अडवा’ लिहिलं होतं, ‘हवा सोडा’ कुठे लिहिलं होतं, हे मी पुढचे दोन दिवस स्वतःलाच सुनावत होतो, जणू माझ्यावर खटला चालू होता आणि वकीलही मीच होतो.

हवा जात होती, त्याचा आवाज येत होता, आणि काका रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले. मला म्हणाले, “तू मास्तरांचो झील मां? बापूस बरो आसा?”

“बरे आहेत,” मी म्हटलं.

तो फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘आज तिठ्यावर सापडलेली गाडी. ओळखून ठेवा.’ दुपारपर्यंत तो कुठेकुठे गेला ते मला माहीत नाही. तेव्हा अभिमानाने माहीत करून घेतलं नाही, नंतर भीतीने.

चौथ्या दिवशी सड्यावरच्या वयनीचा फोन आला. ही आमची हक्काची बाई. प्रत्येक मोर्चाला पुढच्या रांगेत, घोषणा देताना लाऊडस्पीकरची गरज नाही असा आवाज. फोनवर मात्र ती हळू बोलत होती.

“पाणीवालो येणा नाय चार दिस झाले.”

“कोण पाणीवाला?”

“तुमी हवा सोडलात तो.”

मी फोन घेऊन घराबाहेर आलो.

“तेची टाकी हय आसा. सुकी. विहिरीक तळ दिसता. आता तुमी तेका बंद केलात मां, मगे पाणी पण तुमीच आणा.”

समितीची बैठक झाली. बैठकीत मी नेहमीसारखा ठाम बोललो. वाडीला पाणी पुरवणं ही आपली जबाबदारी आहे, वगैरे. ‘आपली चूक’ हा शब्द मी उच्चारला नाही, आणि तो दुसऱ्या कोणी उच्चारू नये म्हणून जबाबदारीवरच दहा मिनिटं बोललो. ठरलं की समितीची गाडी पाणी नेईल. समितीची गाडी म्हणजे एका हितचिंतकाने दिलेली जुनी फोर-बाय-फोर पिकअप. सभांना जनरेटर, भोंगे, खुर्च्या आणि माणसं वाहायला आम्ही ती वापरायचो. चालवायचो मी.

दुसऱ्या दिवशी तिच्यात टाकी ठेवली, भरली, आणि मी सडा चढायला निघालो. त्या चढावर रस्ता नाही, दगडाच्या पायऱ्या आहेत. पहिल्या खड्ड्यात गाडी मागून आपटली. दुसऱ्या खड्ड्यात आपटली तेव्हा माझे दात एकमेकांवर बसले. रबराचा आवाज नव्हता तो, लोखंडावर लोखंडाचा होता. टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावलं आणि सगळी गाडी त्याच्यामागून कलली. तिसऱ्या खड्ड्यात टाकीचा पट्टा तुटला. टाकी आडवी झाली, झाकण उडालं, आणि मी ब्रेक लावून खाली उतरेपर्यंत निम्मं पाणी जांभ्यावर पसरलं होतं. जांभा पाणी किती लवकर पितो ते मी त्या दिवशी बघितलं.

वर वाडीच्या तोंडावर बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. मला वाटलं कोणीतरी शिव्या देईल. वयनी एवढंच म्हणाली, “रवला हा ता तरी खाली कर.”

म्हणून मी कुडाळला गेलो.

औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. ख्रिस्ती, पन्नाशीचे, तरुणपणी गोव्यात खाणीच्या ट्रकांवर काम केलेले. जिल्ह्यातल्या निम्म्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या खाली ते कधी ना कधी झोपलेले आहेत. मी गाडी आत घेतली तेव्हा ते चहा पीत होते आणि ग्लासखाली डाग पडू नये म्हणून कागद ठेवला होता. कागद आमचा होता. चौकट दिसेल अशी बाजू वर.

“काय करूचा?”

“मागचे पाटे बसलेत. एक वाढवायचा. आणि बंप रबर नवे.”

मेस्त्रींनी गाडीकडे बघितलं, तिच्यावरच्या भोंग्याच्या सांगाड्याकडे बघितलं, मग बाकावर बसलेल्या दोन ड्रायव्हरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “म्हणजे मागसून उचलूची?”

“हो.”

“रिकामी आसताना उचललेली दिसतली हां. मागाहून माका सांगू नको. छापून इला हा.”

ड्रायव्हर हसले. एकजण म्हणाला, “अडवा रे कोण तरी तेका.” मी पण हसण्याचा प्रयत्न केला. ते हसू कोणी घेतलं नाही.

त्यांनी मागची बाजू जॅकवर घेतली आणि मला हाताने खुणावलं, वाक. ॲक्सलच्या वर चासीला दोन रबरी ठोकळे बसवलेले असतात. खड्डा मोठा आला आणि पाटा पूर्ण दबला, तर ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून शेवटचा धक्का खाणारे. ते बंप रबर. आमच्या गाडीचं डाव्या बाजूचं रबर वाळलेल्या कोकमाच्या सोलासारखं चपटं आणि काळंठिक्कर झालं होतं. उजव्या बाजूला रबर नव्हतंच. नुसता बोल्ट, आणि त्याच्या शेजारी चासीवर घासून घासून चकाकणारा एक डाग.

“ही गाडी वाळयेची,” मेस्त्री म्हणाले.

“नाही हो.”

“मगे ह्या काय? वाळू भरतत तेंच्या गाडयेक पण इतक्या चेचलेला रबर मी बघूक नाय. काय भरतास तुमी?”

मी आठवू लागलो. जनरेटर. भोंग्यांची खोकी. खुर्च्या. मालवणच्या मोर्चाला मागे उभी राहिलेली बावीस माणसं, त्यांतली काही टपावर, आणि मी आरशातून बघत वर्षभर हेच सांगत आलो होतो की गाडी भरली म्हणजे चळवळ भरली.

“माणसं,” मी म्हटलं.

“माणसा आसत काय. बरा. पाटयाक काय कळणा नाय, माणूस काय न्‌ वाळू काय.”

मग त्यांनी रबर उपटून माझ्या हातात दिलं. म्हणाले, “तुका एक सांगतंय. त्या सड्यार पाणी नेता तेची गाडी मीच केलंय. तू फोटो काढलंस ती. खाली वाकून रबर बघितलंस?”

“नाही.”

“मी बघतंय दर महिन्याक. नवे कोरे आसत. लांब घातलंय, आतून पोकळ, हळूहळू दबणारे. ॲक्सल तेंका अजून नीट लागाकच नाय. कित्या? तो टाकी पाऊण भरता. आणि पाणी हालता रे. वाळू गप बसता, पाणी गप बसणा नाय, वळणार एका बाजूक धावता. म्हणान पाटो जाड व्हयो. तेणी पाटो घातल्यान तो लोकांचा पाणी सांडू नये म्हणान.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सवयीने मुद्देच आले. वाळूचोरही पाटे वाढवतात. बाहेरून फरक कळत नाही. सामान्य कार्यकर्त्याला इतकं तांत्रिक ज्ञान कुठून असणार. तिन्ही मुद्दे चांगले होते, पत्रकात शोभले असते. तोंडातून बाहेर एकही आला नाही, कारण हातात ते चपटं रबर होतं.

“वाकलो असतंस तर दिसला असता,” मेस्त्री म्हणाले. “फोटो काढूक वाकलंसच होतंस.”

काम दिवसभर चाललं. जुने पाटे उतरवले, त्यांत एक तडकलेला निघाला. त्याच्या जागी नवा, शिवाय खाली एक जादा. पाट्यांच्या टोकांना नवे रबरी बुश, पाटे ॲक्सलला बांधून ठेवणारे लांब यू-बोल्ट, नवे शॉकअप. ब्रेकचा पाइप उंची वाढल्यावर ताणतो का, ते त्यांनी तीनदा तपासलं. मी जॅकचा दांडा धरणे आणि पाने पुसून देणे एवढंच करत होतो, आणि मला ते बरं वाटत होतं. सांगितलेलं काम करणं. शेवटी सगळं बसल्यावर मी पाना उचलला, तर त्यांनी हात धरला.

“हवेत आवळू नको. हवेत आवळलेलो बुश फाटता. चाकां जमनीर टेकूंदे, वजन घेवंदे, मगे आवळ.” आणि निघताना म्हणाले, “पयली भरलेली फेरी झाली काय यू-बोल्ट परत आवळ. नवो पाटो बसता, बोल्ट सैल पडता. इसरू नको. पत्रक न्हय ह्या, वाटून झाला म्हणजे झाला.”

परत येताना कुडाळ-मालवण रस्त्यावर एका दुकानाच्या काचेत मला आमची गाडी दिसली. रिकामी. मागून उचललेली. काकांच्या गाडीपेक्षा दोन बोटं जास्तच.

तिठ्यावर आमचे दोघं उभे होते. मी गाडी हळू केली. खरं सांगतो, मला वाटत होतं त्यांनी हात दाखवावा. एकाने दाखवला, पण तो सलाम होता. “आपली गाडी आसा, जावंदे,” तो दुसऱ्याला म्हणाला, आणि गाडी पुढे गेल्यावर मागून ओरडला, “मागसून बेस दिसता आता.”

नव्या पाट्यांवर पाणी नीट वर गेलं. टाकी पाऊण भरली होती. गाडी आपटली नाही, कलली नाही. वयनी पाणी वाटून देताना बोलू लागली, माझ्याशी नव्हे, हवेशी बोलावं तसं. पाणीवाला शेवटच्या घरापर्यंत गाडी न्यायचा, कारण तिथल्या म्हातारीला कळशी उचलत नाही. गाडीत डिझेल वाडीतले घालायचे, त्यापलीकडे त्याने काही घेतलं नाही. हे सगळं सड्यावर अकरा घरांना माहीत होतं. खाली तिठ्यावर, वीस मिनिटांवर, मला नव्हतं.

मग मी खुलासा लिहायला बसलो. पत्रकाचा खुलासा पत्रकाने. पहिला मसुदा असा होता: ‘काही गैरसमजातून एका वाहनाबाबत चुकीची माहिती प्रसारित झाली होती. त्याबद्दल समिती दिलगीर आहे.’ मला तो पुरेसा वाटला. सभ्य वाटला. तो घेऊन मी काकांच्या घरी गेलो.

ते माडांखाली बसून झावळ्यांची झापं विणत होते. गाडी मागे गवताच्या गंजीजवळ उभी होती, चाकात हवा भरलेली, पण तिच्यावर झावळ्या टाकून ठेवलेल्या. त्यांच्या बायकोने आधी मला पाणी आणून दिलं. तांब्याभर.  मी ते सगळं पिऊन टाकलं, कारण परत देणं वाईट दिसलं असतं.

काकांनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘प्रसारित झाली.’ आपसूक झाली?”

“म्हणजे, आमच्याकडून.”

“आमच्याकडून म्हणजे कोणाकडून? फोटो कोणी काढल्यान?”

“मी.”

“मगे हय लिव ना मी. माझो नंबर फोटोत दाखवलंस, हय तुझा नाव खंय आसा?”

मी म्हटलं, पत्रकं समितीच्या नावाने निघतात, तशी पद्धत आहे.

“पद्धत बरी आसा,” ते म्हणाले आणि पुन्हा झाप विणू लागले. हात न थांबवता बोलले. “माझ्या चेडवाक सावंतवाडीक दिलंय. तिच्या सासऱ्यान तिका फोटो दाखवल्यान, जेवताना, सगळ्यांदेखत. ह्या तुझ्या बापाशीची गाडी मां म्हणान. ती रडत नाय, तशी ती नाय. पण तिणा माका फोन करून इचारल्यान, बाबा, तुमी खराच नेतास काय वो वाळू.” बोटांतली पाती त्यांनी घट्ट ओढली. “ती माका इचारता. बत्तीस वर्षांची बाय माझी. ह्या कागदान तिका काय कळतला?”

मी विचारलं, काय केलं म्हणजे चालेल. हेही मी सभेत विचारतात तसंच विचारलं. ते म्हणाले, “तिठ्यार अडवलंस. तिठ्यार भोंग्यार वाच. न्‌ तुझ्या नावान.”

समितीत विरोध झाला. दोघांनी सांगितलं की वाळूवाले याचा वापर करतील, आणि ते खरंही होतं, त्यांनी तो केलाच. तरी मी घरी येऊन दुसरा मसुदा लिहिला. तो असा:

‘सड्याच्या रस्त्याने आलेल्या गाडीचा फोटो मी काढला आणि मी पसरवला. ती गाडी वाळूची नव्हती. ती सड्यावर पाणी नेते. गाडीवाल्यांनी मला वर जाऊन टाकी बघायला सांगितलं होतं. वर जायला वीस मिनिटं लागतात. मी गेलो नाही. माझ्यासमोर त्यांच्या चाकाची हवा सोडली गेली आणि मी गप्प उभा राहिलो. मागून उचललेली गाडी वाळूचीच असते, हे मी लिहिलेलं वाक्य खोटं आहे.’

खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वडिलांना मी आधी वाचून दाखवलं. ते चाळीस वर्षं दुसऱ्यांची शुद्धलेखनं तपासत आले. त्यांनी एकही चूक काढली नाही, फक्त कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

सकाळी मासळी यायच्या वेळेला तिठ्यावर गर्दी असते. मी समितीच्या गाडीवर उभा राहिलो. वर्षभर ज्या भोंग्यावरून मी लोकांना उभं-आडवं घेतलं होतं, त्यावर माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. ‘मी गेलो नाही’ ही ओळ मी घाईत पुटपुटलो आणि ती मला पुन्हा वाचावी लागली. दोनदा ऐकली लोकांनी.  एक मासळीवाली माझ्याकडे बघत बघत सुंगटं मोजत राहिली. ज्याने हवा सोडली होती, तो माझा मित्र, त्या सकाळी तिठ्यावर आला नव्हता. आजही तो माझ्याशी फारसा बोलत नाही.

काका चालत आले होते. गर्दीच्या मागे उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. वाचून झाल्यावर मी खाली उतरलो, ते जवळ आले, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते गाडीच्या मागे गेले, उकिडवे बसले, जसा मी त्यांच्या गाडीमागे बसलो होतो, आणि खाली हात घालून चाचपलं.

“फेऱ्यो किती मारलंस भरून?”

“पाच.”

“यू-बोल्ट परत आवळलंस?”

मी विसरलो होतो. मेस्त्रींनी निघताना सांगितलेली एकच गोष्ट.

“सैल आसत,” ते म्हणाले. “चढार पाटो सरकलो असतो, सेंटर बोल्ट तुटलो असतो, मगे टाकी न्‌ तू दोघांय खाली. पानो खंय आसा?”

पाना मी काढला. त्यांनी तो घेतला नाही, खाली बोट दाखवलं. तिठ्यावरच्या धुळीत, सगळ्यांदेखत, मी गाडीखाली पाठीवर सरकलो. वरून त्यांचा आवाज येत होता. आधी हो, मगे समोरचो, एकदम नको, वायच वायच. चारही बोल्ट अर्धा अर्धा फेरा फिरले. मी बाहेर आलो तेव्हा ते निघून चालले होते. पाठमोरे म्हणाले, “फाल्यां मी येतंय. वाडयेत सांग.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पाणी पुन्हा सुरू झालं. मेअखेरपर्यंत विहिरी जास्तच आटल्या, म्हणून दोन्ही गाड्या लागल्या. सकाळची फेरी त्यांची, दुपारची माझी. इथे हे संपलं असतं तर मला लिहायला लाज कमी वाटली असती.

मे महिन्यात तो फोटो माझ्याकडे परत आला. दुसऱ्या तालुक्यातल्या एका ग्रुपवरून, वर कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘जागरूक नागरिकांनी पकडलेली वाळूचोराची गाडी.’ मी खाली माझा खुलासा टाकला. दोघांनी अंगठा दाखवला. संध्याकाळी तिसऱ्या माणसाने तोच फोटो पुन्हा टाकला.

आणि काका. पहिल्याच दिवशी वरून रिकामे खाली येताना त्यांनी तिठ्यावर गाडी थांबवली. कोणी हात दाखवला नव्हता. ते उतरले, मागे गेले, कड्या काढून फाळका पाडला, आणि गाडीच्या बाजूला उभे राहिले. ओला हौदा, रिकामी टाकी, ओली पोती, तिठ्यावरच्या सगळ्यांना दिसतील असे. थोडा वेळ थांबले, फाळका वर केला, कड्या लावल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी पुढे जाऊन म्हटलं, “काका, कशाक? आता सगळ्यांका म्हायत आसा.” त्या दिवशी मी मालवणीतच बोललो.

“बघूंदे,” ते म्हणाले. “बघणाऱ्याक बघूंदे.”

सबंध उन्हाळा त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. दुपारी माझी गाडी त्याच रस्त्याने खाली यायची, त्यांच्याहून दोन बोटं उंच उचललेली, तशीच ठिबकणारी. मीही थांबू लागलो, उतरून फाळका पाडू लागलो. बाजूच्या टपरीवरचे लोक चहा पीत असायचे. माझ्या हौद्यात कोणीही वाकून बघितलं नाही.